पत्रोत्तर आले नाही, याचा अर्थ काय?

१/ ईमेल पाठवून आठवडा उलटला, उत्तर नाही. पुन्हा आठवण करावी, की तो उद्धटपणा ठरेल? पाठवणारा आणि घेणारा एकाच पत्राकडे निराळ्या अपेक्षेने पाहतात, हा पेच जुनाच आहे. अठराव्या शतकातील पत्रव्यवहार त्याची साक्ष देतो.

२/ मराठेशाहीतील पत्राचा साचा ठरलेला असे. आरंभी मायना: ‘श्रीमंत’, ‘राजश्री’, ‘स्वामी’. मग नाते, जात व हुद्दा पाहून नमस्कार, आशीर्वाद, दंडवत किंवा रामराम. मायन्यात चूक म्हणजे मानात चूक. ही लेखनरीती शिकवणारे ‘मेस्तक’ परंपरेने हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाते.

३/ मायन्यापाठोपाठ, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, अशा आशयाचे वाक्य येई. म्हणजे उत्तराची मागणी साच्यातच होती, त्यामुळे ती बोचत नसे. उत्तर देणाराही बहुधा ‘पत्र पावले, वर्तमान कळले’ अशी पोच आधी देई आणि मग मजकुराकडे वळे.

४/ सूर मात्र हुद्द्यानुसार बदले. धनी सेवकास ‘लिहिणे’, ‘पाठवणे’ अशी आज्ञा करी. सेवक धन्यास ‘विज्ञापना’ करी. तगादा वरून खाली सरळ उतरे, खालून वर जाताना विनयात गुंडाळावा लागे.

५/ ईस्ट इंडिया कंपनीची रीत वेगळी. तिच्या पत्रांत परिच्छेदांना क्रमांक असत आणि उत्तरही परिच्छेदागणिक दिले जाई. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजास सहा-सहा महिने लागत, म्हणून एकाच पत्राच्या प्रती निरनिराळ्या जहाजांनी धाडीत. तीच प्रत पुन्हा येणे हा तगादा नव्हता. अविश्वास होता तो समुद्रावर.

६/ मराठ्यांची पत्रे जासूद आणि काशीद नेत, पुष्कळदा जोडीने. पण ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि पानिपत व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. भाऊसाहेबांची पत्रे दक्षिणेकडे पोहोचणे दुष्कर झाले.

७/ १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत सावकारांचा एक काशीद भेटला. तो औरंगाबादेस चालला होता. पेशव्यांनी ते परक्याचे पत्र उघडले. मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत त्यात पराभवाची वार्ता होती.

८/ दुसऱ्याचे पत्र फोडणे हे एरवी शिष्टाचाराबाहेरचे. पण ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ रणांगणावर आहेत, त्याला मौन किती काळ सोसवेल?

९/ अवमान, आळस, बुडालेले जहाज, अडवलेली वाट: उत्तर न येण्याची कारणे अनेक, पण वाट पाहणाऱ्याला ती सारी सारखीच दिसतात. म्हणूनच जुन्या लेखकांनी पोच देणे हा साच्याचा भाग केला असावा. ‘पत्र पावले’ एवढे दोन शब्द लिहायला आजही वेळ लागत नाही.