मांडवा जेट्टी: मुंबईहून बोटीने कसे जायचे आणि पावसाळ्यात काय बदलते?

१९९० च्या ‘अग्निपथ’ चित्रपटामुळे मांडवा हे नाव देशभर पोहोचले. खरे मांडवा मात्र मुंबईच्या अगदी समोर, बंदराच्या पलीकडच्या काठावर आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्याचे हे किनाऱ्यावरचे गाव. पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून मुंबईहून रस्त्याने यायचे तर सुमारे १०० किलोमीटर अंतर आणि तीन ते चार तास लागतात. समुद्रातून हेच अंतर २० किलोमीटरच्या आत आहे आणि बोट साधारण तासाभरात पोहोचवते.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि रस्त्याचा पहिला टप्पा सोपा झाला. पण वडखळ ते अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारी होणारी कोंडी सुटलेली नाही. त्यामुळे बोटीची गर्दीही कमी झालेली नाही.

दोन धक्के, दोन प्रकारच्या बोटी

मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात आणि नवखे प्रवासी इथेच चुकतात.

गेटवे ऑफ इंडिया: इथून लाँच आणि कॅटामरान सुटतात. त्यात फक्त माणसे जातात, गाड्या नाहीत. पीएनपी, मालदार आणि अजंता या जुन्या, ओळखीच्या सेवा. त्यांच्या तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बसही धरलेली असते. म्हणून बोटीतून उतरल्यावर तिकीट फेकू नये.

भाऊचा धक्का: इथून रो-रो बोट सुटते. हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड हे जवळचे स्टेशन. कार किंवा मोटरसायकल थेट बोटीच्या पोटात चढवायची, वर जाऊन बसायचे आणि मांडव्याला गाडी घेऊन उतरायचे. गाडी नसलेल्यांनाही तिकीट मिळते. ‘एम टू एम-१’ ही ग्रीसमध्ये बांधलेली बोट मार्च २०२० मध्ये या मार्गावर आली. त्यानंतर काही दिवसांतच टाळेबंदी लागली आणि सेवा थांबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसलाही लाँच जातात. त्यामुळे चढण्यापूर्वी बोट कुठे जाते, हे विचारून घ्यावे. मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला तिथे पाणी इतके उतरते की लाँच काही तास बंद ठेवाव्या लागतात.

पावसाळ्यात काय होते?

गेटवेवरच्या लहान बोटी साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे या काळात समुद्र खवळलेला असतो. गेटवेच्या पायऱ्यांवरही लाटा थेट आपटतात. अशा वेळी डोलणाऱ्या बोटीत प्रवासी चढवणे धोक्याचे असते.

रो-रो बोट आकाराने मोठी आणि जड आहे. शिवाय मांडव्याला लाटा अडवणारी भिंत बांधलेली आहे. या भिंतीच्या आत पाणी तुलनेने शांत राहते, त्यामुळे पावसाळ्यातही बोट धक्क्याला लागू शकते. तरीही हवा फारच बिघडली तर रो-रोच्या फेऱ्याही रद्द होतात. जून ते ऑगस्टमध्ये बेत आखताना रस्त्याने परतण्याची तयारी ठेवलेली बरी.

मांडव्याला उतरल्यावर

जेट्टीवर खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत. आसपासच्या पाण्यात खासगी स्पीडबोटी नांगरलेल्या दिसतात. अलिबाग इथून सुमारे २० किलोमीटरवर आहे. वाटेवर सासवने गावी शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे घर आहे. तिथे त्यांची शिल्पे पाहता येतात. पुढे आवास आणि किहीमचे किनारे लागतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. मात्र भरती सुरू होण्याआधी परत फिरायला हवे. त्यासाठी त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी.

सुरक्षिततेचे काय?

मार्च २०२० मध्ये गेटवेहून निघालेली एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. गस्तीवरच्या पोलिसांची बोट वेळेत पोहोचल्याने सर्व ८८ प्रवासी वाचले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मात्र गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले.

जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळलेले असतील तरच त्याचा उपयोग होतो. बोट उलटताना ते शोधून चढवायला वेळ मिळत नाही. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढताना दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

निघण्यापूर्वी

- वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे जुने फोटो पाहून निघू नये, त्याच दिवशी खात्री करावी.
- रो-रोमध्ये गाडीसाठी जागा मोजकी असते. सुट्टीच्या दिवसांसाठी आगाऊ तिकीट काढावे.
- परतीची शेवटची बोट कोणती, हे मांडव्याला उतरतानाच विचारावे. ती चुकली तर रात्री रस्त्याने लांबचा वळसा घालण्याशिवाय पर्याय राहत नाही.
- अलिबागहून मांडव्याला यायला पाऊण तास लागू शकतो. सुट्टीच्या संध्याकाळी त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवावा.