माशांची ऊब आणि ठाण्याची वीज

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आली ती विलायतेतून, आणि येताना तिथल्या थंडीची धास्तीही घेऊन आली. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती, गोगलगायी आणि गोल्डफिश यांचा मेळ घालून पाणी न बदलता पात्र टिकवून दाखवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढे उष्ण प्रदेशांतल्या रंगीत माशांचे वेड लागले, तेव्हा पंचाईत झाली. मग पेटीला धातूचा किंवा पाटीच्या दगडाचा तळ करायचा आणि त्याखाली गॅसची ज्योत तेवत ठेवायची! विसाव्या शतकात विजेचा हीटर आला, तेव्हा कुठे त्या हौशी मंडळींना सुखाची झोप लागली असेल.

गंमत अशी, की या 'उष्णदेशीय' माशांतले काही आमचेच. निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या ग्रंथात नोंदवला. परदेशी गप्पी डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिका त्याला उघड्या हौदांत सोडतात. तिथे कोण हीटर लावतो? ठाण्याची थंडी त्याला सहज पेलते. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण ती नवलाई. दक्षिण अमेरिकेतले डिस्कस मात्र नाजूक; पाणी २८ अंशांच्या आसपास असले की ते खूष. मुंबईत १९५१ साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. असे मासे दिवाणखान्यात आले आणि त्यांच्या सुखदुःखाची दोरी विजेच्या तारेला बांधली गेली.

ही तार कोणाची, यावर पुष्कळ अवलंबून असते. मुंबई शहराला टाटांची जलवीज १९१५ पासून खोपोलीहून मिळत होती. मुंबईबाहेरचा बहुतेक महाराष्ट्र मात्र १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या पदरी आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि तिथली वीज तुटली, तेव्हा मुंबईच्या कारखान्यांनाही झळ पोचली. पण खरी वाटणी पुढे उघडी पडली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, तोवर राज्यात विजेचा मोठा तुटवडा पडला होता. मुंबई बव्हंशी उजळ राहिली. ठाणे, कल्याण, डोंबिवली अंधारात बसू लागली. मुलुंड-भांडुप तर मुंबई महापालिकेत असूनही विजेच्या हिशेबात ठाण्याचे सोयरे! पुढे गळती आणि वसुली पाहून विभागांची प्रतवारी लागली. शेजारच्यांनी बिल थकवावे आणि माशांनी कुडकुडावे, असा तो न्याय होता.

आता हिवाळ्याच्या रात्री वीज गेली की पेटीतल्या पाण्याचे काय होते? साठ लिटर पाणी एका अंशाने निवायचे तर त्यातून सुमारे सत्तर वॅट-तास उष्णता बाहेर जावी लागते. पाणी ही मोठी कंजूष वस्तू आहे. घेतलेली ऊब ती सहजासहजी सोडत नाही. वर झाकण, मागे आणि बाजूंना थर्मोकोल, त्यावर आजीची गोधडी, एवढ्यावर दोन-तीन तासांचे भारनियमन निभावते. फारच गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली बूच घट्ट लावून पेटीत तरंगत सोडावी. गरम पाणी थेट ओतणे मात्र घातक. मासा हळू उतरलेले तापमान सोसतो, एकाएकी झालेला बदल सोसत नाही. अशा ताणानंतरच अंगावर पांढरे ठिपके उठवणारा रोग बळावतो, आणि पुष्कळदा दोष थंडीच्या माथी जातो. वीज येईपर्यंत खायलाही घालू नये. गारठ्यात माशाचे पचन मंदावते आणि उरलेले अन्न कुजून पाणी नासते.

परंतु ऊब हे अर्धेच दुखणे. हीटरबरोबर हवेचा पंपही थांबतो, आणि गर्दीच्या पेटीत थंडीच्या आधी गुदमर येतो. त्यातल्या त्यात हिवाळा दयाळू म्हणायचा: वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमवर प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे डिसेंबरात वीज गेल्याची चिंता करणाऱ्याने मे महिन्यात दुप्पट करावी. फायटर मासा तेवढा निर्धास्त. तो पृष्ठभागावर येऊन हवाच गिळतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघे भागातल्या वाहिन्यांपासून बिघाड सुरू झाला आणि मुंबईही ठाण्याबरोबर अंधारात गेली. संकटकाळी मुंबईला वेगळी काढून सांभाळणारी यंत्रणा होती, पण तीही त्या दिवशी कामी आली नाही. दिवस उकाड्याचे, ऊब कोणाला हवी होती! ज्यांच्या पेटीत मासे वर तोंड काढून हवा शोधत होते, त्यांच्या हाती एकच उपाय होता. तांब्याने पाणी उचलायचे आणि वरून हळूहळू धार धरायची, वीज येईपर्यंत.