निःशुल्क दूरध्वनी क्रमांक निवडताना

व्यवसाय शहराबाहेर पसरू लागला, की आपलाही एखादा '१८००'चा क्रमांक असावा, असे उद्योजकाला वाटू लागते. या सेवेत कॉलचे शुल्क करणाऱ्याकडून नव्हे, तर स्वीकारणाऱ्याकडून घेतले जाते, हे सर्वांना ठाऊक असते. पण याच नियमामुळे चुकून लागलेल्या, अर्धवट तुटलेल्या आणि नुसतेच संगीत ऐकत ताटकळलेल्या कॉलचे पैसेही व्यावसायिकालाच भरावे लागतात, हे बिल हाती पडेपर्यंत लक्षात येत नाही. म्हणूनच क्रमांकाची निवड हा केवळ जाहिरातीचा विषय नाही.

अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ मध्ये '८००' क्रमांकांची सेवा सुरू केली. तोपर्यंत समोरच्याच्या खर्चाने बोलायचे तर ऑपरेटरची मदत घ्यावी लागे. आपल्याकडे पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथच्या काळात परगावी बोलणे महाग होते. रात्री दर उतरल्यावर रांगा लागत. अशा दिवसांत 'फुकट बोला' या आमंत्रणाला मोल होते. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या 'वन इंडिया' योजनेत देशात कोठेही एक रुपया मिनिट हा दर आला आणि २०१६ नंतर मोबाइलवर अमर्याद कॉलच्या योजना रूढ झाल्या. आज बहुतेक ग्राहकांना साधा क्रमांकही जवळजवळ फुकटच पडतो. मग '१८००' घ्यायचा कशासाठी? एकच क्रमांक देशभर चालावा, तो कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोबाइलशी बांधलेला नसावा, आलेला कॉल हव्या त्या शाखेकडे वळवता यावा आणि दुकान हलले तरी क्रमांक टिकावा, ही आजची खरी कारणे आहेत. ज्याचे सारे ग्राहक एकाच उपनगरातले आहेत, त्याला स्थानिक क्रमांक अधिक शोभतो.

मालिकांचा गोंधळ आधी दूर केलेला बरा. '१८००' पूर्णपणे निःशुल्क. '१८६०' मध्ये खर्च विभागलेला असतो. ग्राहकाला त्याच्या योजनेप्रमाणे शुल्क पडू शकते, त्यामुळे या क्रमांकाची 'टोल फ्री' म्हणून जाहिरात करणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरेल. पूर्वी आपल्याकडे निःशुल्क क्रमांक '१६००' ने सुरू होत. २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने ती मालिका वेगळ्याच कामासाठी योजली: बँका, विमा कंपन्या आदी वित्तीय संस्थांनी ग्राहकांना करावयाच्या सेवाविषयक कॉलसाठी. जाहिरातीच्या कॉलसाठी '१४०' आहे.

आता प्रत्यक्ष अंकांकडे वळू. क्रमांक बहुधा कागदावर पाहून निवडला जातो, पण तो पसरतो तोंडी. पारंपरिक दूरध्वनी वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते, त्यामुळे उच्चारातले बारकावे गळतात. मराठीत 'सात' आणि 'साठ', 'सहा' आणि 'दहा' यांत घोटाळा होतो. इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांत. जोडअंकांनी सांगायचे म्हटले तर अडचण वाढते. 'एकोणऐंशी' ऐकून ८९ लिहिणारे आपल्या घरातही सापडतील, आणि हिंदी भाषक ग्राहकाला तर आपला 'एकोणऐंशी' आणि आपल्याला त्याचा 'नवासी' पेचात टाकतो. म्हणून एकेक अंक उच्चारूनही ज्याला लय राहते, असा क्रमांक घ्यावा. भारतीय स्टेट बँकेचा १८००-१२३४ हा आठ अंकी क्रमांक याचे उत्तम उदाहरण. पण इतका आखूड क्रमांक लहान व्यावसायिकाच्या वाट्याला सहसा येत नाही. त्याला दहा किंवा अकरा अंकी क्रमांकच मिळतो आणि खरी निवड शेवटच्या चार अंकांत असते. महावितरणने ग्राहकांसाठी दिलेले १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे दोन क्रमांक पाहावेत. मधले अंक वेगळे, शेवट एकच. 'चौतीस पस्तीस' एकदा कानात बसले, की निम्मे काम झाले.

निवडीपूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. पसंत पडलेला क्रमांक फोनवरून तीनचार जणांना एकदाच सांगावा आणि अर्ध्या तासाने विचारावा. त्यात एखादा वयस्कर माणूस आणि एखादा अमराठी माणूस अवश्य असावा. पाटीवर क्रमांक देवनागरीत रंगवणार असाल, तर दुरून १ आणि ९ सारखे दिसतात, आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठ समजून फोन फिरवणारेही भेटतात. (मराठी पाटी हवीच, फक्त रंगाऱ्याला अंक ठळक काढायला सांगावे.)

शेजारचे क्रमांक तपासणे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. एखाद्या मोठ्या बँकेच्या वा विमान कंपनीच्या क्रमांकाहून आपला क्रमांक एकाच अंकाने वेगळा असेल, तर त्यांचे चुकलेले ग्राहक आपल्या खर्चाने आपल्याशी बोलणार. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अकरा अंकी क्रमांकातला पहिला १ वगळला, की ८०० ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल क्रमांक उरतो. २०२०-२१ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने बँकांना नेमक्या याच प्रकाराबाबत सावध केले होते: भामटे असा मिळताजुळता मोबाइल क्रमांक मिळवत आणि कॉल ओळखणाऱ्या अ‍ॅपवर तो बँकेच्या नावाने नोंदवत. ही युक्ती बँकेपुरती मर्यादित राहण्याचे कारण नाही. आपल्या क्रमांकाचा हा 'बिनएकचा' जुळा भाऊ कोणाकडे आहे, ते आधी फिरवून पाहावे. इंटरनेटवर बनावट ग्राहक सेवा क्रमांक पेरून होणारी फसवणूकही सर्रास चालते. त्यासाठी आपला क्रमांक पावती, वेष्टन आणि संकेतस्थळ या तिन्ही ठिकाणी सारख्याच रूपात छापलेला असणे हा साधा, पण उपयोगी उपाय आहे.

क्रमांक नेमका कोणाच्या नावावर मिळतो आहे, हेही पाहावे. अनेक मध्यस्थ कंपन्या क्रमांकासह कॉल वळवण्याची, नोंदी ठेवण्याची सेवा देतात. सोय चांगली; पण करार संपल्यावर क्रमांक त्यांच्याकडेच राहणार असेल, तर दहा वर्षांच्या पाट्या आणि पावत्या वाया जातील. अमेरिकेत निःशुल्क क्रमांक तोच ठेवून दूरसंचार कंपनी बदलण्याची मुभा १९९३ पासून आहे. आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळालेली तशी सोय मोबाइल क्रमांकांसाठी आहे. '१८००'ला ती लागू आहे, असे गृहीत धरू नये. करारातले हे कलम दरपत्रकाच्याही आधी वाचावे.

क्रमांक घेतला, पण उचलायला माणसे नाहीत, ही अवस्था नेहमीची. किती वाहिन्या लागतील, याचे गणित डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवले आहे. समजा, गर्दीच्या तासात ३० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी चार मिनिटे चालतो. म्हणजे १२० मिनिटांचे बोलणे. सरासरीने दोन वाहिन्या सतत गुंतलेल्या. तीन घेतल्या तर पुरतील, असे वाटते. पण कॉल ओळीने येत नाहीत, एकदमच येतात. सूत्राप्रमाणे तीन वाहिन्यांवर पाचांपैकी एकाहून थोड्या अधिक ग्राहकांना 'व्यस्त' ऐकू येते. चार घेतल्यास दहांत जवळपास एकाला, आणि पाच घेतल्यास शंभरांत साधारण चौघांना.

स्वागताचा ध्वनिमुद्रित संदेशही आखडता ठेवावा, कारण त्याचेही मिनिट मोजले जाते. दिवसाला १०० कॉल आणि ४० सेकंदांची प्रस्तावना धरली, तर महिन्याच्या २६ दिवसांत सुमारे २९ तास नुसते स्वागतच चालते. ग्राहकाला त्यात रस नसतो आणि पैसे मात्र आपले जातात.

परदेशातून भारतातील '१८००' क्रमांक सहसा लागत नाहीत. नाशिकचे बेदाणे किंवा रत्नागिरीचा आंबा आखातातल्या वा अमेरिकेतल्या मराठी घरांत पाठवणाऱ्याने पावतीवर +९१ ने सुरू होणारा एक साधा क्रमांकही छापावा.