चांदोबा कुठून उघडावा?

वाचकहो, माळ्यावरच्या ट्रंकेत ‘चांदोबा’चे जुने अंक सापडले आणि नातवाने विचारले, “आधी कुठला वाचू?” तर काय सांगाल? आपल्यापैकी बहुतेक जण अंक साल-महिन्याप्रमाणे लावायला बसतील. मी म्हणेन, लावू नका. मधले दहा अंक हरवलेले असतात आणि मूल तेवढ्यात उठून जाते.

तेलुगू ‘चंदमामा’ जुलै १९४७ मध्ये मद्रासला निघाला. काढणारे बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणी, म्हणजे ‘मायाबाजार’ सिनेमावाली जोडी. मराठी ‘चांदोबा’ आला १९५२ साली. त्याच वर्षी कोडवटिगंटि कुटुंबराव संपादनाला आले आणि १९८० साली वारले तोवर तिथेच राहिले. गोष्ट आधी तेलुगूत घडे, मग बाकीच्या भाषांत जाई. चित्रे मात्र सगळीकडे तीच. १९५६ साली किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबादेतून मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. इथे मात्र एकाच गल्लीत दोन घरी, दोन लिप्यांत, एकच चित्र पाहिले जात होते.

सुरुवात विक्रम-वेताळापासून करा. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, वाटेत कवट्या आणि साप: शंकर यांचे ते चित्र मुलाला थांबवतेच. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी पंचवीस. ‘चांदोबा’ने त्या संपल्यावरही वेताळाला सोडले नाही, नव्या गोष्टी रचून वर्षानुवर्षे चालवले. (विक्रमाची ओढ आम्हा जैनांनाही, सिंहासनबत्तिशीची एक जैन वाचना आहेच.) प्रत्येक गोष्टीत राजा झाडाकडे जातो, वेताळ कोडे घालतो, राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. मागचे काही ठाऊक नसले तरी अडत नाही. वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक मिटा आणि नातवाला उत्तर विचारा. माझ्या अनुभवात मुलाचे उत्तर पुष्कळदा राजाहून बरे असते.

धारावाहिका नंतर. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या मांत्रिक-राक्षसांच्या मालिका आणि त्यांवरची ‘चित्रा’ यांची चित्रे म्हणजे मेजवानीच, पण मधला एक महिना नसला तरी धागा तुटतो. सलग अंक असतील तरच हात घाला. वड्डादि पापय्यांची मुखपृष्ठे नुसती बघायला द्या. शेवटच्या वर्षांतले अंक मला फारसे रुचत नाहीत. २०१३ च्या सुमारास मासिक बंदच पडले, आता नवा अंक यायचा नाही.

मी हे सांगतो त्याला कारण आहे. दवाखान्यात येणारी आपलीच मुले मराठी छान बोलतात आणि औषधाच्या पुडीवर लिहिलेले ‘सकाळी उपाशीपोटी’ वाचायला आईकडे देतात. अक्षरे त्यांना परकी नाहीत, शाळेतल्या हिंदीने देवनागरी शिकवलेली असते. अडते ते सवयीपाशी. तेलुगू मात्र ती भरभर वाचतात. म्हणून एकाच महिन्याचे दोन अंक शेजारी ठेवा, तेलुगू आणि मराठी. चित्रावर बोट ठेवून आधी तिकडचा परिच्छेद, मग इकडचा. चित्र तेच असल्याने आपण कुठे आहोत हे मुलाला विचारावे लागत नाही, आणि शब्द अडला की अर्थ पलीकडच्या पानावर असतोच.

तेलुगू अंक नसतील तर शेजारच्या रेड्डी किंवा राव यांच्या माळ्यावर बघा. तिथेही ट्रंक असेल.