गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस

 पेशवाई संपून इंग्रजांचे राज्य आल्यावर कारभार पुण्याभोवती एकवटला. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवत. त्यांच्यासाठी गणेशखिंडीत बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये या वास्तूचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. घडीव दगडाच्या भिंती, कमानदार व्हरांडे आणि उंच चौकोनी मनोरा ही तिची इटालियन धाटणी. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्या समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. गव्हर्नरांचे हे निवासस्थान विद्यापीठाची मुख्य इमारत झाले आणि तिथे कुलगुरूंचे कार्यालय आले.