हिंगोलीची छावणी, पैनगंगा आणि सालाचा भुंगेरा

१/ एक छावणी, एक नदी आणि एक भुंगेरा. ब्रिटिश काळात जंगलावर मालकी कोणाची होती आणि ते प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी राखले गेले, याचा हा धागा. सुरुवात हिंगोलीपासून. 🧵

२/ निजामाच्या राज्यातील हिंगोली हे 'हैदराबाद कंटिंजंट' या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे एक ठाणे होते. फौजेचा खर्च निजामाच्या माथी. ते देणे थकत गेले आणि १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामी अंमल राहिला, उत्तरेस इंग्रजी आला.

३/ पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानात वनखाते उभे राहिले. १८६५ आणि १८७८च्या कायद्यांनी 'राखीव जंगल' ही कल्पना रूढ केली. सरकारला रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी लाकूड हवे होते. गवत, सरपण, चराई या पिढ्यानुपिढ्यांच्या वहिवाटी आता 'सवलती' ठरल्या. सवलत म्हणजे सरकारच्या मर्जीने मिळणारी आणि मर्जीने जाणारी गोष्ट.

४/ १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. पैनगंगेकाठचे रान आणि ईशान्येकडील मंडल्याची सालवने आता नागपूरच्या एकाच राजवटीखाली आली. मंडल्यात गोंड आणि बैगा राहत. बैगांची 'बेवर' ही फिरती शेती खात्याने जंगलाची शत्रू ठरवून 'बैगा चक' नावाच्या मर्यादित पट्ट्यात कोंडली होती.

५/ मात्र जाळरेषा साफ करणे, वणवा विझवणे, झाडे तोडणे, ओंडके ओढणे या कामांना माणसे लागत. म्हणून खात्याने जंगलातच 'वनग्रामे' वसवली. कसायला जमीन मिळे, पण खात्याच्या कामावर हजर राहण्याच्या अटीवर. जमिनीची मालकी मात्र नव्हे.

६/ १९२३ ते १९२८ या काळात मंडला भागातील सालवनांवर मोठे संकट आले. झाडांच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचे ढीग दिसू लागले आणि उभी झाडे वाळत गेली. कारण होते साल पोखरणारा भुंगेरा, शास्त्रीय नाव 'हॉप्लोसेराम्बिक्स स्पायनिकॉर्निस'.

७/ पहिल्या पावसानंतर हे भुंगेरे बाहेर पडतात. मादी सालीवर अंडी घालते, अळी खोड पोखरत गाभ्यापर्यंत जाते. सुदृढ झाड आपल्या रसाने बऱ्याच अळ्या मारते. म्हणून एरवी ही कीड मेलेल्या वा दुबळ्या झाडांवर जगते. संख्या बेसुमार वाढली की निरोगी झाडांचाही निभाव लागत नाही.

८/ यावर उपाय निघाला 'सापळा-वृक्षा'चा. सालाचे झाड पाडायचे, त्याचे तुकडे करायचे, साल ठेचायची. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे लांबून येतात, रस पिऊन सुस्तावतात. मग ते हातांनी वेचून मारायचे.

९/ विसंगती इथेच आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ किडीचे जीवनचक्र उलगडू शकत होते. पण ऐन पावसाळ्यात जंगलभर फिरून एकेक भुंगेरा वेचणे हे मजुरांचेच काम होते. ज्याच्या कुऱ्हाडीला कायद्याने गुन्हेगार ठरवले, त्याच्याच हातांवाचून जंगल वाचवण्याचा हा उपाय चालणारा नव्हता.

१०/ आता पुन्हा पैनगंगेकडे येऊ. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. कृती साधी: राखीव जंगलातील गवत कापणे. मिठाइतक्याच साध्या वस्तूसाठी वऱ्हाडात लोक तुरुंगात गेले, कारण प्रश्न गवताच्या पेंढीचा नव्हता, हक्काचा होता.

११/ १९९०च्या दशकाअखेरीस मंडला भागात हीच कीड पुन्हा उसळली. तेव्हाही आदिवासींनी भुंगेरे वेचले आणि नगाप्रमाणे पैसे घेतले. वनग्रामांतील रहिवाशांचा हक्क मात्र २००६च्या वनहक्क कायद्यात प्रथम स्पष्टपणे लिहिला गेला. वनग्रामाचे महसुली गाव करण्याची तरतूद त्यातच आहे.

१२/ वसाहतकालीन वनव्यवस्थेचा इतिहास वाचताना कायद्यांच्या तारखांबरोबर एक प्रश्न जवळ ठेवावा: जंगल राखण्याचे श्रम कोणाचे होते आणि त्या जंगलावर नाव कोणाचे लागले? (समाप्त)