जुन्या शिवणयंत्रांची सोनेरी नक्षी

स्कॉटलंडमधील क्लायडबँक येथील सिंगरचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तेथून बाहेर पडलेली काळी, सोनेरी नक्षीची शिवणयंत्रे मात्र आजही अनेक घरांत आहेत. त्यांच्या मूळ रूपाला खरा धोका असतो तो उत्साही साफसफाईचा.

यंत्राचा काळा थर हा साधा रंग नव्हे. डांबरासारख्या अस्फाल्टमचे रोगण बिडाच्या अंगावर चढवून ते भट्टीत भाजले जाई. या प्रक्रियेस जपानिंग म्हणतात. त्यावर डीकॅल, म्हणजे कागदावरून उतरविलेली नक्षी, बसवून वर लाखेचा पारदर्शक लेप देत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिटचा बोळा फिरविला, की लेप जातो आणि नक्षी उघडी पडते. अमोनियायुक्त द्रवाने तर सोनेरी रेषा रुपेरी होतात. गेलेला सोनेरी रंग परत येत नाही.

यास्तव जाणकार केवळ शिवणयंत्राचे तेल वापरतात, तेही आधी एखाद्या कोपऱ्यात लावून पाहून. तेल मुरू द्यावे व मऊ सुती कापडाने मळ टिपावा. घाई येथे महागात पडते. लेप निस्तेज झाला असल्यास फ्रेंच पॉलिश करतात. कापडाच्या बोळ्यावर लाखेचे पातळ द्रावण व जवसाच्या तेलाचा थेंब घेऊन हात सतत फिरता ठेवावा लागतो. तो थांबला, की बोळा चिकटून नक्षी उखडते.

नव्या डीकॅल प्रतिकृतीही मिळतात. तथापि त्या बसविण्यासाठी जुनी नक्षी खरवडावी लागते, आणि झिजलेली असली तरी अस्सल नक्षीच अधिक मोलाची.